हँडल, चावी आणि बटण : गाडी सुरू करण्याची गोष्ट



आज मी तुमच्याशी मोटारीच्या एका बटणाबद्दल बोलणार आहे. कुणी म्हणेल, "आमच्या दारात कुठे मोटार उभी आहे?" दारात नसेल, पण मोटारीत बसायची वेळ सगळ्यांवर येते. दवाखाना असो, लग्न असो, गटाचे काम असो, कुणाची तरी गाडी आपण ठरवतोच. आणि गाडीत बसल्यावर समोर जे असते त्याची थोडी माहिती असलेली बरी. ही गोष्ट मला माझ्या चुकीतून कळली.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या गटाच्या चौघीजणी हळद घेऊन वसमतच्या बाजारात गेलो होतो. गाडी ओळखीच्या एका मुलाची होती, बटण दाबून सुरू होणारी. माल उतरला, मापे झाली. तो पट्टी आणायला आत गेला आणि चावी आमच्याजवळ देऊन गेला. आत खूप उकडत होते. मी बटण दाबले. रेडिओ लागला, पण वारा येईना. म्हणून पुन्हा दाबले. समोरचे सगळे दिवे लागले, पंखा फिरू लागला. आम्हाला वाटले, गाडी चालू झाली. रेडिओ ऐकत, पंख्याचा वारा घेत आम्ही दोन तास बसलो. मुलगा आला, त्याने बटण दाबले, तर नुसता टक् टक् टक् आवाज. बॅटरी उतरली होती.

आमच्यात सातव्या महिन्यातली एक सून होती. येताना तिला दवाखान्यात दाखवायचे ठरले होते. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला वायर जोडून आमची गाडी सुरू होईपर्यंत दीड तास गेला आणि डॉक्टरांची वेळ संपली. त्या मुलाने मला एका शब्दानेही दुखावले नाही. पण मला वाईट वाटले ते याचे, की मी बटण दाबले, आणि काय दाबले हे मला माहीत नव्हते. घरी आल्यावर मी विचारत गेले, वाचत गेले. तेव्हा कळले की या एका बटणाच्या पोटात शंभर वर्षांहून जास्त काळाची गोष्ट आहे.

आपल्यातल्या साठीच्या पुढच्या बायांना विहिरीवरचे ऑइल इंजिन आठवत असेल. दोन हातांनी हँडल फिरवायचे, वेग आला की खटका पाडायचा, मग इंजिन धडधडायला लागायचे. कधी कधी हँडल उलटा झटका द्यायचे. म्हणून "तिकडे जाऊ नको" असे आपल्याला सांगितले जायचे. पहिल्या मोटारी अशाच सुरू होत. पुढून हँडल घालायचे आणि जोर लावून फिरवायचे. मनगटे मोडत, अंगठे मोडत. हँडल धरताना अंगठा चारही बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीत आवळायचा नाही, असे नव्या ड्रायव्हरला मुद्दाम शिकवत. झटका बसला तर हात सुटून यावा म्हणून.

एवढे असूनही मोटारीचा पहिला लांबचा प्रवास एका बाईनेच केला. जर्मनीत कार्ल बेंझ नावाच्या माणसाने मोटार बनवली होती, पण ती लांब जाईल यावर कुणाचा विश्वास बसत नव्हता. ऑगस्ट १८८८ मध्ये त्याची बायको बेर्था बेंझ हिने नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेतले आणि मानहाइमहून आपल्या माहेरच्या गावी, फोर्झहाइमला, ती गाडी नेली. अंतर शंभर किलोमीटरहून थोडे जास्त. त्या गाडीचे मागचे आडवे चाक हाताने फिरवून इंजिन सुरू करावे लागे. वाटेत इंधन संपले, ते तिने औषधाच्या दुकानातून विकत घेतले. इंधनाची नळी तुंबली, ती टोपीच्या पिनेने साफ केली. माहेरच्या ओढीने निघालेल्या बाईने मोटार चालते हे जगाला दाखवून दिले.

आपल्याकडे मुंबईत मोटारी आल्या त्या १८९८ च्या सुमारास. भारतात मोटार चालवणारी पहिली स्त्री म्हणून सुझान टाटा यांचे नाव घेतले जाते, साल १९०५. जे. आर. डी. टाटांच्या त्या आई. पण ती मोठ्या घरची गोष्ट. आपला हिंगोलीचा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात, परभणी जिल्ह्यात होता. निजाम सरकारच्या रेल्वे खात्याने १९३२ साली २७ मोटारी घेऊन प्रवासी सेवा सुरू केली. मुंबई राज्याची एस. टी. सुरू झाली १ जून १९४८ ला, पुणे ते नगर. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला. तेव्हापासून आपल्या बायांचा मोटारीशी संबंध आला तो मागच्या बाकावरून. पुढे बसून गाडी सुरू करायची, हे आपले काम मानलेच गेले नाही.

त्यामागे हँडलला लागणारी ताकद हे एक कारण होते. ते कारण मात्र फार पूर्वीच संपले होते. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग नावाचा एक इंजिनियर होता. दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राला त्याने विजेची छोटी मोटर बसवली होती. त्याच्या लक्षात आले, की छोटी मोटर दिवसभर चालवायची नसेल, क्षणभरच चालवायची असेल, तर ती मोठा जोर देऊ शकते. हाच विचार त्याने मोटारीला लावला. १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत विजेवर चालणारा स्टार्टर आला. आपण ज्याला "सेल्फ" म्हणतो तो हाच. सेल्फ आल्यावर मनगटाच्या जोराचा प्रश्न मिटला. परदेशात बायका गाड्या चालवू लागल्या त्याला या सेल्फचाही मोठा हातभार लागला. आपल्याकडे मात्र जीप, ॲम्बॅसेडर या गाड्यांना सेल्फ असूनही पुढून हँडल घालायची सोय बरीच वर्षे राहिली, कारण बॅटरीचा भरवसा नसे.

आता गंमत बघा. सेल्फ आला तेव्हा तो बटणानेच चालायचा. चावी नुसती वीज चालू करायची आणि सेल्फचे बटण वेगळे असायचे. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपला तर सेल्फचे बटण पायाखाली होते. चावी फिरवूनच गाडी सुरू व्हावी, ही सोय अमेरिकेत क्रायस्लर कंपनीने १९४९ मध्ये आणली. म्हणजे बटण आधीचे, चावीने स्टार्ट होणे नंतरचे.

याच्या मधल्या काळात गाडीत आणखी एक वस्तू आली होती, रेडिओ. १९३० साली अमेरिकेत गॅल्विन बंधूंच्या कंपनीने परवडेल असा मोटारीचा रेडिओ काढला आणि त्याला मोटोरोला हे नाव दिले. रेडिओ आला आणि प्रश्नही आला. गाडी झाडाखाली उभी आहे, बातम्या ऐकायच्या आहेत, तर त्यासाठी इंजिन कशाला चालू ठेवायचे? आणि इंजिनाची वीज नुसती चालू करून ठेवली तर इतर भाग तापतात, बॅटरी जास्त जाते. म्हणून चावीच्या वाटेवर एक वेगळा थांबा ठेवला गेला. त्या थांब्याला फक्त रेडिओ आणि अशीच जोडीची साधने चालतात. चावीच्या भोकाजवळ इंग्रजीत ए-सी-सी अशी तीन अक्षरे असतात, ती याचीच. ॲक्सेसरी, म्हणजे जोडीचे सामान.

चावीला असे चार थांबे असतात. पहिला बंद, तिथे स्टिअरिंगलाही कुलूप लागते. दुसरा ॲक्सेसरी, तिथे रेडिओ आणि मोबाइल चार्ज करायची जागा. तिसरा ऑन, तिथे समोरचे सगळे दिवे, पंखा, काचा, इंजिनाची वीज. चौथा स्टार्ट, तिथे सेल्फ फिरतो, आणि हात सोडला की चावी आपोआप तिसऱ्या थांब्यावर परत येते. चावी फिरवताना हाताला खट् खट् कळते. आपण कुठल्या थांब्यावर आहोत ते डोळ्यांना दिसते.

मग चावीच गेली. मर्सिडीझ कंपनीने १९९८ च्या सुमारास बिनचावीची सोय आणली. चावी खिशात किंवा पर्समध्ये असली की गाडी तिला ओळखते. पुढे ही सोय हळूहळू आपल्याकडच्या लहान गाड्यांतही आली. पण चावीचे चार थांबे गेलेले नाहीत. ते एका बटणात जाऊन बसले आहेत. पूर्वी ते हाताला कळत, आता मोजावे लागतात.

मोजणी अशी. ब्रेकवर पाय न ठेवता बटण एकदा दाबले, की ॲक्सेसरी. दुसऱ्यांदा दाबले, की ऑन. तिसऱ्यांदा दाबले, की बंद. इंजिन मात्र या तिन्हींत सुरू होत नाही. इंजिन सुरू करायचे तर ब्रेक दाबून बटण दाबायचे. हाताने गिअर टाकायची गाडी असेल तर क्लच दाबावा लागतो. पोराने खेळता खेळता बटण दाबले तर गाडी सुरू होऊन चालू लागू नये, म्हणून ही पायाची अट. बटणावरच्या दिव्याचा रंगही बदलतो, पण प्रत्येक कंपनीचा रंग वेगळा. काही नव्या गाड्यांत ॲक्सेसरीचा थांबाच ठेवलेला नाही. म्हणून ज्याची गाडी असेल त्याला आधी विचारून घ्यावे.

आता माझे कुठे चुकले ते तुमच्या लक्षात आले असेल. मी दुसऱ्या थांब्यावर होते आणि इंजिन बंद होते. इंजिन चालू असले की ते बॅटरी भरत राहते. बंद असले की बॅटरीतून नुसते काढणे चालते. बॅटरी म्हणजे पाण्याचा माठ समजा. लहान गाडीचा माठ साधारण ३५ अँपिअर-अवरचा असतो. म्हणजे १ अँपिअरने काढत गेलो तर ३५ तास पुरेल. एकटा रेडिओ १-२ अँपिअर घेतो. पंखा, समोरचे दिवे, मोबाइल सगळे मिळून ८-१० अँपिअर सहज जातात. मग तो माठ साडेतीन-चार तासांत रिकामा. आणि सेल्फला तर क्षणभरासाठी शंभराहून जास्त अँपिअर लागतात, एकदम भरलेली घागर ओतावी तसे. म्हणून माठ तळाला जायच्या कितीतरी आधी सेल्फ नकार देतो. बॅटरी जुनी असेल तर आणखी लवकर. गाडी उभी असताना रेडिओच ऐकायचा असेल तर एकदाच बटण दाबा, अर्ध्या तासात बंद करा, आणि उतरताना बटणावरचा दिवा विझला का ते बघा. आपोआप गिअर बदलणारी गाडी असेल तर "पी" या खुणेवर गिअर आणल्याशिवाय ती अनेकदा पूर्ण बंदच होत नाही, ॲक्सेसरीवर राहते आणि रात्रभर बॅटरी खात बसते.

बॅटरीपेक्षा मोठी गोष्ट आता सांगते. कुणी तुम्हाला म्हणेल, "लेकराला गाडीतच झोपू द्या, मी बटण चालू ठेवून जातो." ऐकू नका. इंजिन बंद असेल तर साध्या पेट्रोल-डिझेल गाडीत एसीची थंड हवा येत नाही. फार तर पंखा फिरतो आणि तापलेलीच हवा फिरवतो. ॲक्सेसरीच्या थांब्यावर बऱ्याच गाड्यांच्या काचाही खाली होत नाहीत. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत दहा मिनिटांत दहा अंशांच्या आसपास तापमान चढते, अर्ध्या तासात वीसच्या आसपास. बाहेर आपला वैशाखाचा ४२ अंश असला तर आत काय होईल, हिशेब करा. लहान लेकरू, म्हातारे माणूस, गरोदर बाई, यांना पाच मिनिटांसाठीही बंद गाडीत ठेवू नका. आणि उलट बाजूने, पत्र्याच्या बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून बसू नका. त्या धुरातला विषारी वायू डोळ्यांना दिसत नाही आणि त्याला वासही नसतो.

अजून एक उपयोगाचे. चावीतला छोटा सेल संपला तर गाडी तिला ओळखत नाही. घाबरू नका. बहुतेक चाव्यांच्या पोटात लोखंडी किल्ली लपवलेली असते, तिने दार उघडते. मग ती चावीच बटणाला टेकवून धरायची आणि नेहमीसारखे पायाने ब्रेक दाबून बटण दाबायचे. बहुतेक गाड्या सुरू होतात.

पूर्वी घरात किल्ल्यांचा जुडगा ज्या बाईच्या कमरेला असे, तिच्या हातात घर असे. सून आली तरी जुडगा लवकर खाली उतरत नसे. गाडीच्या किल्लीचेही तसेच झाले. ती घरातल्या एखाद्या पुरुषाच्या खिशात राहिली, आणि तिच्याबरोबर गाडीची माहितीही तिथेच राहिली. आता दिवस बदलत आहेत. २०१९ मध्ये आपल्या एस. टी. महामंडळाने महिलांना चालक म्हणून प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली. जी एस. टी. आपण मागच्या बाकावरून बघितली, तिच्या पुढच्या सीटवर आता आपली बाई बसते.

त्या दिवशी हुकलेली आमच्या सुनेची तपासणी दुसऱ्या दिवशी झाली. सगळे ठीक होते, आता लेकरू रांगते आहे. पण रात्रीची वेळ असती, कळा सुरू झाल्या असत्या आणि माझ्यामुळे गाडी अडली असती तर? हा विचार माझ्या मनातून जात नाही. म्हणून आमच्या गटाने पुढच्या बैठकीला त्याच मुलाला गाडीसकट बोलावले. प्रत्येकीने सीटवर बसून एकदा, दोनदा, तीनदा बटण दाबले, काय लागते आणि काय विझते ते पाहिले. मग ब्रेकवर पाय ठेवून इंजिन सुरू केले. सत्तरीच्या एक आजी इंजिन सुरू होताच खळखळून हसल्या. म्हणाल्या, "विहिरीवरच्या हँडलला हात लावू दिला नाही गं मला, हे तर एका बोटाचे काम निघाले."

तुमच्याही बैठकीत असा अर्धा तास काढा.