मोट, हँडल आणि ऑटो

भीमेच्या अलीकडं आमचा शिरूर तालुका, पलीकडं दौंड. आता दोन्ही काठांवर ऊस आणि मोटारीच मोटारी. माझ्या लहानपणी पाणी कधी थांबवायचं ते बैल ठरवायचे. नाडा ओढत ते धावेवरून खाली उतरले की थारोळ्यात पाणी पडायचं. त्यांना धाप लागली की मोट उभी. विहिरीचा तळ दिसला तरी उभी. कोरडी मोट काही जळत नाही.

१९७२ च्या दुष्काळानंतर वडिलांनी ऑइल इंजिन आणलं. किर्लोस्करांचा इंजिनांचा कारखाना पुण्यात १९४६ सालापासूनचा, त्यामुळं हे नाव आमच्याकडं घरातल्यासारखं. हँडल मारताना खांदा निखळायचा, पण थंडीत इंजिनातून कढत पाणी बाहेर पडायचं. आम्ही पोरं त्याच्याखाली आंघोळ करायचो. घरच्या बंबाला तेवढंच सरपण कमी.

वीज मंडळ झालं १९६० ला, आमच्या वस्तीवर तार पोचली कितीतरी उशिरा. मोटारीला दोन बटणं, हिरवं आणि लाल. मोठी मौज वाटली. पुढं भारनियमन आलं. लाईट यायची रात्री-अपरात्री, जायची कधीही. कोण जागणार? मग स्टार्टरला 'ऑटो' लावला. लाईट आली की मोटार आपोआप सुरू. फुटव्हॉल्व गळून पंप कोरडा पडला असला तरी सुरू! पूर्वी आम्ही पंपात शेणाचा काला ओतायचो, पाणी धरलं का ते बघायचो. ऑटोला ते कुठलं दिसणार?

माझा चुलतभाऊ नदीवरच्या मोटारीच्या कपलिंगचं बुश बदलत होता. लाईट गेलेली, म्हणून फ्यूज काढलाच नाही. मी काठावर उभा होतो. लाईट आली. मी "दादा!" म्हणेपर्यंत उजव्या हाताची दोन बोटं गेली होती. तो ऑटो मीच हौसेनं बसवला होता.

दुसरी गोम डीपीची. सुरू होताना मोटार नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. सगळ्यांचे ऑटो एकाच क्षणी दाबले गेले की डीपी जळते, आणि उभा ऊस वाळतो. महावितरण ऑटो काढा, कपॅसिटर बसवा म्हणून सांगत आलंय. ऐकतो कोण? रात्री उसात बिबट्या. शिरूरकराला तो काही नवा नाही. अंधारात बटण दाबायला कुणाला पाठवायचं?

शेवटी मोबाईलवरचा स्टार्टर घेतला. घरातून फोन लावायचा, मोटार चालू. एक फेज गेला किंवा पंप कोरडा पडला तर तो मोटार बंद करतो. पण मला आवडलं ते त्यातलं उशिरा सुरू करायचं टायमर. आमच्या डीपीवरचे आम्ही सगळे एका संध्याकाळी देवळात बसलो आणि वेळा वाटून घेतल्या. लाईट आल्यावर पहिला दोन मिनिटांनी, दुसरा चार, तिसरा सहा. पहिला नंबर कुणाचा, यावरून चहा दोनदा झाला. चुलतभाऊ म्हणाला, "माझा शेवटी ठेवा."

फ्यूज मात्र तो अजून खिशात घालूनच मोटारीला हात लावतो.