मातृभाषा कोणती आणि घरी काय बोलता?

जनगणनेच्या फॉर्मातला मातृभाषेचा रकाना आपण सहज भरून टाकतो. बेलारूसमध्ये १९९९ साली लोकांना आणखी एक प्रश्न विचारला गेला : घरी सहसा कोणती भाषा बोलता? सुमारे ७४ टक्के लोकांनी मातृभाषा बेलारूशियन सांगितली, पण घरी ती बोलणारे निघाले जेमतेम ३७ टक्के. २०१९ मध्ये हे आकडे ५४ आणि २६ झाले. बाकीच्या बहुतेकांच्या घरात रशियन.

ही भाषा काही कायमची खेडवळ नव्हती. लिथुआनियाच्या महाराज्याचे कायदे (१५२९, १५६६, १५८८) जिच्यात लिहिले, ती लेखनभाषा बेलारूशियन आणि युक्रेनियन या दोन्ही भाषांची पूर्वज मानली जाते. १६९६ मध्ये दरबारात पोलिश आली, पुढे रशियन साम्राज्य आले, आणि बेलारूशियन शेतकऱ्यांच्या घरात उरली. १९२० च्या दशकात सोव्हिएत सरकारने तिच्या शाळा काढल्या. १९३७ मध्ये त्याच राजवटीने तिचे लेखक गोळ्या घालून मारले. दुसऱ्या महायुद्धानंतर खेड्यांतली माणसे कारखान्यांसाठी शहरात आली. तिथे बढतीची भाषा रशियन. दोन्हींची सरमिसळ होऊन जी बोली झाली तिला म्हणतात 'त्रास्यांका', म्हणजे गवत आणि पेंढा कालवून केलेला गुरांचा चारा! नावातच तुच्छता आहे. १९९० च्या कायद्याने बेलारूशियन एकमेव राजभाषा झाली, पण १९९५ च्या सार्वमताने रशियनलाही तोच दर्जा मिळाला. मग पालकांनी मुलांना कुठल्या शाळेत घातले असेल, हे आपल्याकडच्या शिक्षकांना सांगायला नको.

हेच दोन प्रश्न घेऊन आपण ब्रह्मदेशात, म्हणजे आजच्या म्यानमारमध्ये, गेलो तर चित्र उलटे दिसते. बर्मी ही सुमारे सव्वातीन कोटी लोकांची घरचीच भाषा आहे. शिवाय कोटभर लोक ती दुसरी भाषा म्हणून बोलतात. तिची मुळाक्षरे आपल्यासारखीच क, ख, ग, घ, ङ या क्रमाने चालतात, कारण तिची लिपीही ब्राह्मीच्याच कुळातली. गंमत म्हणजे लिहायची भाषा वेगळी आणि बोलायची वेगळी : 'हे' या अर्थी लिहिताना 'ई', बोलताना 'दी'. तरी तिच्या जिवाला धोका नाही. इंग्रजी सत्तेविरुद्ध १९२० मध्ये रंगूनच्या विद्यार्थ्यांनी संप केला, त्यातून राष्ट्रीय शाळा निघाल्या, आणि बर्मी ही स्वाभिमानाची खूण झाली.

पण याच देशात मोन, शान, करेन अशा कितीतरी भाषा आहेत. १९६२ च्या लष्करी सत्तेनंतर सरकारी शाळांत त्यांना जागा उरली नाही. बहुतेक अभ्यासकांच्या मते बर्मी लिपी मोन लोकांकडूनच आली. म्हणजे सरकारी शाळेतल्या मोन मुलाने आपल्याच पूर्वजांची अक्षरे गिरवायची, तीही दुसऱ्याची भाषा लिहिण्यासाठी! १९७० च्या दशकात मोन पक्षाने स्वतःच्या शाळा काढल्या. तिथे लहान वर्गांत मोन भाषेतून शिकवतात आणि पुढे बर्मीकडे नेतात. सरकारी शाळांत इतर भाषांना वाट करून देणारा कायदा व्हायला २०१४ साल उजाडले.