पन्नास मेगाबाइटांचे बंधन

इतिहास म्हटला की राज्ये, लढाया आणि सनावळ्या एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. वापरातल्या वस्तूंचा इतिहास लिहिण्याची आपल्याकडे फारशी रीत नाही. जाते, शिवणयंत्र, सायकल यांनी घरे बदलली, पण त्यांच्या वाट्याला बखर आली नाही. संगणकाच्या बाबतीत ती उणीव राहू नये असे मला वाटते, म्हणून त्याच्या इतिहासातला एक लहानसा धागा येथे हाती घेतो. जुन्या, दुबळ्या यंत्रांवर चालाव्यात म्हणून मुद्दाम हलक्या ठेवलेल्या लिनक्स प्रणालींचा हा धागा आहे.

हा विषय आज निघण्याचे कारण उघड आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचे सर्वसाधारण मोफत पाठबळ संपले. तिच्या जागी आलेली विंडोज ११ किमान ४ जीबी रॅम, टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि ठरावीक यादीतला प्रोसेसर मागते. ज्यांच्यापाशी हे नाही, अशी असंख्य चालती यंत्रे एका तारखेने निकालात निघाली. मी शिकवतो त्या शाळेतील दोन संगणकही त्यांत आले. त्यांचा पडदा उजळ होता, कळा ठीक उमटत होत्या, पंखाही कुरकुरत नव्हता. मग यंत्र जुने झाले हे ठरविते कोण? या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला मागे जावे लागले.

मागे म्हणजे १९६९ सालापर्यंत. अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीजमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सचा पाया घातला, तो पीडीपी-७ नावाच्या, फारसे कोणी वापरीत नसलेल्या एका यंत्रावर. त्याची मेमरी आजच्या मापाने सुमारे १८ किलोबाइट भरेल. सणासुदीला मोबाइलवर येणारे शुभेच्छांचे एक चित्र त्याहून मोठे असते. जागाच कमी, म्हणून प्रत्येक प्रोग्रॅम लहान ठेवावा, त्याने एकच काम नीट करावे आणि मोठे काम अशा लहानांच्या जुळणीतून उभे करावे, असे वळण या प्रणालीला लागले. टंचाईतून लागलेले हे वळण पुढे सुबत्तेतही टिकले.

पण युनिक्स सर्वांची नव्हती. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू हा प्रकल्प जाहीर केला आणि १९८९ साली जीपीएल हा परवाना पुढे आणला. वस्तू वापरावी, उघडून पाहावी, बदलावी आणि बदललेली दुसऱ्यास द्यावी, पण देताना हेच हक्क त्यालाही द्यावेत, हे त्याचे सार. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने ३८६ जातीच्या प्रोसेसरचे यंत्र घेतले आणि त्यासाठी प्रणालीचा गाभा लिहावयास घेतला. २५ ऑगस्ट १९९१ रोजी त्याने ही गोष्ट जाहीर केली, तीही केवळ छंद म्हणून. पुढच्या वर्षी त्याने हे काम जीपीएलखाली आणले. माझ्या मते हलक्या प्रणालींचा इतिहास खरा सुरू होतो तो या क्षणी. जी वस्तू उघडता येत नाही ती हलकीही करता येत नाही. बंद पेटीचे ओझे पेटीसकटच वाहावे लागते.

लिनक्सचा संसार मग झपाट्याने वाढला. १९९३ साली स्लॅकवेअर आणि डेबियन निघाल्या. १९९६ साली केडीई आणि १९९७ साली ग्नोम हे डेस्कटॉप सुरू झाले. खिडक्या, चित्रे, सावल्या यांनी पडदा सजला आणि सामान्य माणसाला लिनक्सची भीती वाटेनाशी झाली. हे काम मोलाचेच होते. परंतु सजावटीबरोबर वजनही आले. त्याच १९९६ साली फ्रान्समधील ओलिव्हिए फुर्दां यांनी एक्सएफसीई नावाचा साधा डेस्कटॉप लिहावयास घेतला. त्याचे चिन्ह उंदीर आहे. घरात मोठ्या बैलांची दावण असताना कोपऱ्यातला हा उंदीर पुढे जुन्या यंत्रांचा आधार होईल, हे तेव्हा कोणाच्या ध्यानी आले नसावे.

२००० साली जर्मनीच्या क्लाउस क्नॉपर यांनी क्नॉपिक्स ही सीडी काढली. यंत्रातील डिस्कला हात न लावता प्रणाली थेट सीडीवरून सुरू करता येते, हे तिने घरोघरी पोहोचविले. तिच्याच पायावर जॉन अँड्र्यूज यांनी डॅम स्मॉल लिनक्स उभारली आणि स्वतःवर एक बंधन घालून घेतले : सारी प्रणाली ५० मेगाबाइटांत बसली पाहिजे. व्हिजिटिंग कार्डाच्या आकाराच्या लहान सीडीवर मावेल तेवढेच घ्यावयाचे. एवढ्यात ब्राउझर, लेखनाचे साधन, पत्रव्यवहाराची सोय हे सारे बसविले, आणि ४८६ जातीच्या प्रोसेसरवर १६ एमबी रॅममध्येही ती चालविता येई. हे बंधन कोणी लादलेले नव्हते. काय टाकून द्यावे हा प्रश्न रोज स्वतःला विचारता यावा, म्हणून आखून घेतलेली ती लक्ष्मणरेषा होती.

२००३ साली ऑस्ट्रेलियातील बॅरी कॉलर यांनी पपी लिनक्स काढली. तिची युक्ती निराळी : सुरू होतानाच ती सगळी रॅममध्ये चढून बसते, त्यामुळे मंद डिस्कची वाट पाहावी लागत नाही. २००६ साली तैवानच्या होंग जेन यी यांनी एलएक्सडीई हा हलका डेस्कटॉप सुरू केला. पुढे त्याचीच शाखा दुसऱ्या एका प्रकल्पाशी एकत्र येऊन एलएक्सक्यूटी झाली. या बहुतेक कामांचा आरंभ एकेका माणसाने केला आहे, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

या धाग्याचे एक टोक आपल्या अंगणातही येते. २००७ साली रायगड जिल्ह्यातील खैराट या लहानशा गावच्या शाळेत 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या उपक्रमाचे हिरवे-पांढरे लॅपटॉप मुलांच्या हाती आले. त्यांत २५६ एमबी रॅम होती, साठवणीला १ जीबी जागा होती आणि आत लिनक्स होती. त्या उपक्रमाच्या यशापयशाचा वाद वेगळा. पण एवढ्या तुटपुंज्या यंत्रावर वाडीतले मूल लिहू-वाचू शकते, हे येथे दिसले. फेब्रुवारी २००९ मध्ये आलेल्या डेबियन ५ पासून ती प्रणाली बसविण्याच्या सूचना मराठीतही मिळू लागल्या. कोणा स्वयंसेवकांनी बसून एकेक वाक्य मराठीत आणले, तेव्हा हे घडले.

आता व्यवहाराचे. १ ते २ जीबी रॅमचे यंत्र रोजच्या कामास लावावयाचे असेल तर डेबियन आणि तिच्यावर एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी ही जोडी मला पुरेशी वाटते. प्रथम जुन्या फायली दुसरीकडे उतरवून घ्याव्यात, कारण नवी प्रणाली बसविताना डिस्क पुसली जाते. मग प्रणालीची 'लाइव्ह' प्रत पेनड्राइव्हवर उतरवावी, यंत्र तिच्यावरून सुरू करावे आणि आवाज, वायफाय, छपाई यंत्र चालते की नाही हे बसविण्याआधीच पाहून घ्यावे. जुन्या फिरत्या डिस्कच्या जागी लहानशी एसएसडी घातली, तर यंत्राला जो हुरूप येतो तो दुसऱ्या कशाने येत नाही. झेडरॅम नावाची सोय रॅममधला मजकूर दाबून ठेवते आणि आहे त्यात थोडी अधिक जागा करते. देवनागरीसाठी लोहित किंवा तत्सम युनिकोड फाँट आणि इनस्क्रिप्ट कळफलक घेतला की मराठी लेखन सुखाने होते. युनिकोडपूर्व फाँटांत टंकलेला मजकूर मात्र येथे उघडला की अक्षरांचा काला होतो. तो आधी बदलून घ्यावा लागतो.

हे सांगितल्यावर दुसरी बाजू झाकून ठेवणे बरे नव्हे. लिनक्स ज्या ३८६ प्रोसेसरवर जन्मली, त्याचा आधार तिने २०१३ च्या आरंभी आलेल्या ३.८ या आवृत्तीत सोडून दिला. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने ३२ बिटी यंत्रांवर नव्याने बसविण्याची सोय काढून टाकली. म्हणजे येथेही यंत्रे जुनी ठरतात. शिवाय प्रणाली कितीही हलकी केली तरी आजची संकेतस्थळे हलकी होत नाहीत. बँकेचे वा शाळेच्या माहितीचे एकच पान ब्राउझरमध्ये उघडले की उरलेली रॅम खाऊन टाकते. डॅम स्मॉल लिनक्स अनेक वर्षे थंडावली होती. २०२४ साली जॉन अँड्र्यूज यांनीच तिला पुन्हा जागे केले, तेव्हा ५० मेगाबाइटांचे बंधन पाळणे शक्य राहिले नव्हते. त्यांनी नवे बंधन घातले : ७०० मेगाबाइट, म्हणजे एक पूर्ण सीडी.

कोणी म्हणेल, हा पराभव झाला. मला तसे वाटत नाही. आकडा चौदापट झाला, पण आकडा ठरविण्याची रीत सुटली नाही. यंत्र जुने झाले हे ठरविते कोण, या प्रश्नाला या इतिहासात दोन उत्तरे सापडतात. एका वाटेवर निकाल दूरचे कार्यालय देते आणि तो खाली कळविला जातो. दुसऱ्या वाटेवरही निकाल लागतोच, पण तो उघड्यावर लागतो, त्याची कारणे वाचता येतात आणि ज्याला तो मान्य नसेल त्याने मूळ संहिता उचलून आपल्यापुरते काम चालू ठेवावे, अशी मुभा असते. ही मुभा वापरणारे थोडे असतात. वर आलेली नावे त्या थोड्यांचीच. त्यांनी आपापल्या टेबलाशी बसून काय वगळावे याचा विचार केला, म्हणून कितीतरी यंत्रांना, आणि ज्यांना नवे यंत्र परवडत नाही अशा कितीतरी माणसांना, आणखी काही वर्षे मिळाली. शाळेतल्या त्या दोन संगणकांवर आज मुले एक्सएफसीईच्या उंदराशेजारी मराठी टंकलेखन शिकतात. ती यंत्रेही एक दिवस थकतील. पण तो दिवस त्यांचा स्वतःचा असेल, दुसऱ्या कोणी पत्रकात छापलेला नसेल.