डेम्लो संख्या आणि द. रा. कापरेकर : एका शाळाशिक्षकाच्या संशोधनाचे मूल्यमापन

प्रस्तावना

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) यांचे नाव प्रामुख्याने ६१७४ या स्थिरांकाशी निगडित आहे. तथापि त्यांच्या संशोधनाची प्रकृती समजून घेण्यासाठी १२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या अधिक उपयुक्त ठरते. प्रस्तुत लेखात या संख्येच्या अनुषंगाने त्यांच्या कार्याचे स्थान तपासले आहे.

जीवन व कार्य

कापरेकरांचा जन्म डहाणू येथे झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकत असताना १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले. १९२९ मध्ये ते पदवीधर झाले. पुढे १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांनी नाशिकजवळील देवळाली येथे शाळेत अध्यापन केले. पदव्युत्तर शिक्षण त्यांनी घेतले नव्हते. आपले बरेचसे संशोधन त्यांनी स्वतः पुस्तिका छापून प्रसिद्ध केले.

संख्येचे गुणधर्म

'डेम्लो' हे नाव मुंबईजवळच्या डोंबिवली स्थानकावरून आले आहे. ज्या संख्येच्या मध्यभागी एकच अंक असतो अथवा त्याची पुनरावृत्ती होते आणि जिच्या डाव्या व उजव्या भागांची बेरीज केल्यास तोच अंक मिळतो, ती डेम्लो संख्या होय. उदाहरणार्थ, १६५ मध्ये १ + ५ = ६. उपरोक्त सतरा अंकी संख्येत १२३४५६७८ + ८७६५४३२१ = ९९९९९९९९ आणि मध्यभागी ९ हा अंक आहे. ही संख्या दोन्ही बाजूंनी सारखीच वाचली जाते. तिच्या अंकांची बेरीज ८१ असून ८१ ने तिला निःशेष भाग जातो. ती १११११११११ या संख्येचा वर्ग आहे आणि तिचे मूळ अवयव ३, ३७ व ३३३६६७ हे आहेत.

नऊऐवजी दहा एक घेतल्यास वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१ येतो आणि सममिती नष्ट होते. कारण मधल्या स्थानी दहाची बेरीज होऊन हातचा पुढे जातो.

आक्षेप आणि उत्तर

जी. एच. हार्डी यांनी १९४० साली 'अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी' या ग्रंथात अशा अंकगुणधर्मांना गंभीर गणित मानण्यास नकार दिला. ८७१२ व ९८०१ या संख्या आपल्या उलट संख्येच्या पटीत असतात, हे त्यांनी दिलेले एक उदाहरण होय. दशमान लेखनपद्धती बदलली की असे गुणधर्म लोप पावतात, हा आक्षेप निराधार नाही. परंतु डेम्लो संख्यांच्या बाबतीत तो पूर्णतः लागू पडत नाही. वर्ग करताना स्थानांवर १, २, ३ असे चढत व पुन्हा उतरत जाणारे सहगुणक कोणत्याही पायात येतात. हातचा येईपर्यंतच सममिती टिकते. म्हणून दशमानात नऊ, अष्टमानात सात, तर द्वादशमानात अकरा एकांपर्यंत ती आढळते. येथे दहा हा पाया केवळ मर्यादा ठरवतो, नियम नव्हे.

समारोप

१९४९ मध्ये मद्रास येथील गणित परिषदेत कापरेकरांनी ६१७४ चा गुणधर्म मांडला. मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्याविषयी लिहिले ते १९७५ साली, म्हणजे सव्वीस वर्षांनी. रंजकता आणि संशोधन यांत भेद करणे आवश्यकच आहे. मात्र तो भेद संशोधकाची पदवी वा संस्था पाहून नव्हे, तर विधानाचे सामान्यीकरण होऊ शकते का, हे तपासून करावा लागतो. डेम्लो संख्या या कसोटीस उतरतात.