कोर्टाची पायरी आणि किरकोळ रक्कम

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण आपल्याकडे शाळकरी पोरालाही पाठ असते. मला मात्र एक प्रश्न नेहमी पडतो. ही म्हण नेमकी कोणाच्या सोयीची? ज्याचे पैसे बुडाले त्याच्या, की ज्याने बुडवले त्याच्या? रक्कम मोठी असेल तर माणूस घरदार गहाण टाकूनही भांडतो. रक्कम लहान असली की 'जाऊ दे, कुठे नादी लागायचे' म्हणून सोडून देतो. बुडवणारा या 'जाऊ दे'वरच जगतो.

याचे एक उत्तम उदाहरण इंग्लंडमध्ये २००० नंतरच्या दशकात पाहायला मिळाले. मोबाईलचे करार तेव्हा बारा किंवा अठरा महिन्यांचे असत. मोबाईल कंपनी स्वतः विकत असे, तसेच स्वतंत्र दुकानदारही विकत. ग्राहक जोडून दिला की दुकानदाराला कंपनीकडून घसघशीत कमिशन मिळे. त्यातला काही भाग ग्राहकाला परत द्यायचे आमिष म्हणजे 'कॅशबॅक'. महिना ३५ पौंड भरा, त्यातले अर्धे आम्ही परत देऊ, अशा जाहिराती असत.

खरी मेख अटींमध्ये होती. पैसे आपोआप परत येत नसत. तिसरे, सहावे, नववे अशी ठरावीक बिले ठरावीक मुदतीत टपालाने पाठवायची. मूळ बिलच हवे, छायाप्रत चालणार नाही. एक दिवस उशीर झाला की रक्कम गेली. सगळे वेळेवर पाठवले तरी 'आम्हाला मिळालेच नाही' हे उत्तर तयार. काही दुकानदारांचे गणितच असे होते, की बरेच लोक विसरतील, उरलेले कंटाळतील. सगळ्यांनी पैसे मागितले असते तर ते गणित बसलेच नसते.

जाहिरातीत दिलेला शब्द पाळावा लागतो का, हा प्रश्न इंग्लंडच्या कोर्टात फार पूर्वी सुटला होता. कायद्याच्या विद्यार्थ्यांना कार्लिल बाईंचा खटला ठाऊक असतो. १८९१ मध्ये 'कार्बोलिक स्मोक बॉल' नावाचे एक औषधी उपकरण विकणाऱ्या कंपनीने जाहिरात दिली, की आमचे उपकरण सांगितल्याप्रमाणे वापरूनही ज्याला इन्फ्लुएंझा होईल त्याला १०० पौंड देऊ. आमचा शब्द खरा आहे हे दाखवायला १००० पौंड बँकेत ठेवले आहेत, असेही छापले. कार्लिलबाईंनी ते दिवसातून तीन वेळा, जवळजवळ दोन महिने वापरले, आणि त्यांना इन्फ्लुएंझा झाला. कंपनी म्हणाली, ती तर नुसती जाहिरातबाजी होती. अपील कोर्टाने डिसेंबर १८९२ मध्ये निकाल दिला, की नाही, हा करार आहे, पैसे द्या.

निकाल सुंदर आहे, पण त्यातली एक बाब सहसा कोणी सांगत नाही. बाईंचे यजमान स्वतः सॉलिसिटर होते. घरात वकील होता म्हणून १०० पौंडांचा हक्क कोर्टापर्यंत पोचला. ज्यांच्या घरात वकील नाही त्यांनी काय करायचे? हक्क कायद्यात असून भागत नाही, तो मागायला परवडावाही लागतो.

लहान रकमेसाठी लहान कोर्टे तिथे नव्हती असे नाही. १८४६ च्या कायद्याने इंग्लंडभर काउंटी कोर्टे स्थापन झाली. आरंभी २० पौंडांपर्यंतचे दावे तिथे चालत, १८५० मध्ये ती मर्यादा ५० पौंड झाली. पण या दारातून आत जाई तो धनको, आणि ओढून नेला जाई तो ऋणको. वाणी, कापडवाला, हप्त्याने माल विकणारा हे वादी, आणि मजूर हा प्रतिवादी. कर्जापायी तुरुंग ही तिथली जुनी रीत. चार्ल्स डिकन्सच्या वडिलांना १८२४ मध्ये एका बेकरीवाल्याच्या चाळीस पौंडांच्या देण्यासाठी मार्शलसी तुरुंगात जावे लागले आणि बारा वर्षांच्या चार्ल्सला बूटपॉलिशच्या कारखान्यात डब्यांना कागद चिकटवावे लागले. १८६९ च्या कायद्याने कर्जासाठी कैद बंद झाली असे म्हणतात, ते पूर्ण खरे नाही. ऐपत असून देत नाही असे न्यायाधीशाला वाटले तर सहा आठवड्यांपर्यंत तुरुंगात धाडण्याची सोय त्यात ठेवलेली होती, आणि तिचा फटका काउंटी कोर्टात येणाऱ्या गरीब ऋणकोंनाच बसला.

ही व्यवस्था आपल्याकडेही आली. काउंटी कोर्टांपाठोपाठ १८५० च्या कायद्याने मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे लहान दाव्यांची कोर्टे आली. मुंबईचे लघुवाद न्यायालय त्याच वंशातले. गावोगावच्या दिवाणी कोर्टांतही चित्र तेच होते. सावकार कागद घेऊन येई, कुणब्याला बहुधा हजर राहणेही जमत नसे, आणि एकतर्फी हुकूमनामा होई. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे गावी रयतेने सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले, त्यामागे हा रागही होता. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने मग न्यायाधीशाला कर्जरोख्यापलीकडे जाऊन मूळ देणेघेणे तपासायला लावले. कोर्ट जवळ आहे म्हणून ते आपले असतेच असे नाही, हे आमच्या आजोबा-पणजोबांना अनुभवाने कळले होते. सुरुवातीची ती म्हण अशाच अनुभवातून जन्मली असावी, असे मला वाटते.

इंग्लंडमध्ये हे दार उलट्या बाजूने उघडायला १९७० उजाडावे लागले. त्या वर्षी तिथल्या ग्राहक परिषदेने 'जस्टिस आउट ऑफ रीच', म्हणजे 'आवाक्याबाहेरचा न्याय', नावाचा अहवाल काढला. काउंटी कोर्टातले दावे जवळजवळ सगळे व्यापारी आणि कंपन्यांनी लावलेले असतात, फसलेला ग्राहक वादी म्हणून तिथे दिसतच नाही, असे त्यात दाखवले होते. साध्या कर्जासाठीची कैदही त्याच वर्षीच्या कायद्याने बहुतांशी संपली. १९७१ मध्ये मँचेस्टरला लहान तंट्यांसाठी ऐच्छिक लवादाचा प्रयोग झाला आणि १९७३ मध्ये काउंटी कोर्टातच लहान दाव्यांची साधी पद्धत आली. तिचे मर्म एकच होते : हरणाऱ्याने जिंकणाऱ्याच्या वकिलाचा खर्च सहसा द्यायचा नाही. हा एक नियम बदलला आणि सामान्य माणसाची निम्मी भीती गेली. पुढे मर्यादा वाढत गेली : १९८१ मध्ये ५०० पौंड, १९९१ मध्ये १०००, १९९६ मध्ये ३०००, १९९९ मध्ये ५००० आणि २०१३ मध्ये १०,०००. २००२ च्या सुमारास घरबसल्या संगणकावरून दावा लावण्याची सोयही झाली.

कॅशबॅकवाल्यांचे गणित चुकले ते इथे.

माझा एक भाचा तेव्हा रीडिंगला नोकरी करत होता. २००६ मध्ये त्याचा १८० पौंडांचा कॅशबॅक एका दुकानदाराने अडवला, कारण काय, तर बिल मुदतीनंतर मिळाले. भाच्याने टपाल कचेरीतून पोस्टात टाकल्याचा दाखला घेऊन ठेवला होता. जाहिरातीचे पान छापून ठेवले होते, पाठवण्यापूर्वी बिलाची छायाप्रत काढली होती. आधी त्याने साधे पत्र लिहिले : चौदा दिवसांत पैसे द्या, नाहीतर दावा लावतो. उत्तर नाही. मग त्याने संगणकावरून दावा लावला. काय कबूल केले होते, मी काय केले, त्यांनी काय केले, किती येणे आहे, अशा चारच मुद्द्यांत. वर आठ टक्के व्याज आणि कोर्टाची फी. ग्राहकावर एकतर्फी जाच करणारी अट बंधनकारक नाही, असा १९९९ चा नियम तिथे होता, त्याचाही उल्लेख केला. तारीख पडण्याआधीच सगळे पैसे जमा झाले. अठराशे पानी युक्तिवाद नाही, काळा डगला नाही. मुळात अशा दाव्याची सुनावणीही बहुधा एका खोलीत, टेबलाभोवती बसून होते आणि पुराव्याचे कडक नियम लागत नाहीत.

पण सगळ्यांचे असे झाले नाही. त्याच्याच एका सहकाऱ्याला निकाल मिळाला, पैसे मिळाले नाहीत. त्याचा दुकानदार दिवाळ्यात निघाला होता. निकालाचा कागद हातात आला तरी वसुली आपली आपल्यालाच करावी लागते. बेलिफ पाठवता येतो, पण दुकानच उरले नसेल तर बेलिफ जप्त काय करणार? दिवाळखोराच्या मालमत्तेत असा ग्राहक रांगेच्या अगदी शेवटी उभा असतो. म्हणून एकेकट्याने भांडणे पुरत नाही, वरून नियमही लागतो. तक्रारी वाढल्यावर ऑफकॉम या तिथल्या दूरसंचार नियामकाने २००९ मध्ये कॅशबॅकबाबत बंधनकारक नियम केले.

आपल्याकडे १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने हेच दार वेगळ्या नावाने उघडले. त्यामागे १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी सुरू केलेल्या ग्राहक पंचायतीसारख्या चळवळींचे कष्ट होते. आज २०१९ चा नवा कायदा आहे आणि तक्रार संगणकावरूनही करता येते.

तेव्हा म्हण बदलायची गरज नाही, तिच्यामागचा हिशेब तपासायची आहे. ज्या कोर्टात धनकोच ऋणकोला खेचत होता, तिथे शहाण्याने पायरी चढू नये हे बरोबरच होते. आता पायरी तीच असली तरी तिच्यावरून वर जाणारा माणूस बदलला आहे. मात्र त्याच्या हातात कागद हवेत. पावती, करार, जाहिरात आणि पाठवल्याचा दाखला. एवढे जपले, तर १८० पौंड काय आणि १८० रुपये काय, 'जाऊ दे' म्हणण्याआधी माणूस दोनदा विचार करील. बुडवणाऱ्याला तेवढे पुरते.