सही करण्याआधी
स्वादुपिंडाचं डोकं काढायची शस्त्रक्रिया बर्लिनच्या वाल्थर काउश यांनी १९०९ मध्ये दोन टप्प्यांत केली. नाव मात्र लागलं न्यूयॉर्कच्या ॲलन व्हिपल यांचं, १९३५ नंतर. काविळीच्या रोग्याचं रक्त थांबत नसे. ‘के’ जीवनसत्त्व हाती आलं आणि १९४० पासून ती एकाच बैठकीत होऊ लागली. तरी १९७० च्या सुमारासही चारांतला एक दगावायचा! आता सरावलेल्या इस्पितळात शंभरात पाचांहून कमी. म्हणून जाऊबाईंच्या वेळी मी सर्जनांना आधी विचारलं, वर्षाला अशा किती करता?

त्यांचा स्वतःचा प्रश्न वेगळाच : नंतरच्या पाचक कॅप्सूल डुकराच्या स्वादुपिंडापासून करतात, खरं का? खरंच होतं. दोन दिवस त्या गप्प होत्या, मग सही केली. कॅप्सूल जेवणाबरोबरच घ्यायच्या, म्हणजे सूर्यास्तानंतर नाहीच, एवढं मात्र डॉक्टरांकडून पक्कं करून घेतलं.