मेल येतो, पण जात का नाही?

आजचा विषय तुम्हाला तांत्रिक वाटेल, पण तो इतिहासाचाच आहे.

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी एका अभिलेखागाराला कागदपत्रं बघायची परवानगी मागणारा मेल घरच्या लॅपटॉपवरून पाठवला. पाठवताना एक सूचना आली. ती न वाचताच मी ओके दाबलं. आठ दिवस उत्तराची वाट बघितली, आणि नवव्या दिवशी लक्षात आलं की मेल माझ्याच आउटबॉक्समध्ये पडून आहे. त्या आठ दिवसांत बाहेरचे मेल मात्र नीट येत होते. मी पासवर्ड बदलला, प्रोग्रॅम काढून पुन्हा टाकला. तरी येणारा मेल येतोय आणि जाणारा जात नाहीये! असं का होतं?

याचं उत्तर १९८२ मध्ये आहे. त्या वर्षी ऑगस्टमध्ये जॉन पोस्टेल यांनी आरएफसी ८२१ हा दस्तऐवज लिहिला. मेल पाठवण्याचा नियम, म्हणजे एसएमटीपी, त्यात आहे. पाठवणारं यंत्र आपलं नाव सांगतं, मेल कोणाकडून आणि कोणाला ते सांगतं, मग मजकूर देतं. पासवर्ड कुठेच विचारला जात नाही.

इथे आपण पटकन म्हणतो, "तेव्हाची माणसं भोळी होती, एकमेकांवर विश्वास ठेवायची." संशोधनात अशा सोप्या उत्तरापाशी जरा थांबायला हवं. याच पोस्टेल यांनी १९७५ मध्ये, म्हणजे सात वर्षं आधी, नको असलेल्या मेलच्या प्रश्नावर आरएफसी ७०६ लिहिलं होतं. १९७८ च्या मे महिन्यात डेक कंपनीच्या गॅरी थर्क यांनी आर्पानेटवरच्या सुमारे ४०० लोकांना जाहिरातीचा मेल पाठवला आणि त्यावरून बरीच ओरडही झाली. म्हणजे धोका माहीत होता. मग पासवर्ड का नाही?

कारण एसएमटीपी माणसासाठी नव्हताच, तो दोन यंत्रांमधला व्यवहार होता. तेव्हा लोक एका मोठ्या सामायिक संगणकावर लॉगिन करून तिथेच मेल लिहायचे. माणसाची ओळख तिथेच पटलेली असायची. पुढे तो संगणक दुसऱ्या संगणकाशी बोलायचा.

नंतर टेबलावरचा वैयक्तिक संगणक आला आणि गणित बदललं. सर्व्हरवरची आपली पेटी उघडायला १९८४ मध्ये पॉप हा वेगळा नियम आला. पेटी खासगी, म्हणून त्यात पहिल्यापासून पासवर्ड. पाठवण्यासाठी मात्र यंत्रांचा तोच जुना, बिनपासवर्डचा रस्ता वापरला गेला. तुमच्या मेल प्रोग्रॅममध्ये येणाऱ्या आणि जाणाऱ्या मेलची सेटिंग आजही वेगवेगळी असतात, ती यामुळेच. एक बरोबर असलं म्हणून दुसरं बरोबर असेलच असं नाही.

नव्वदच्या दशकात स्पॅमवाल्यांनी हा उघडा रस्ता हेरला. कुणाच्याही सर्व्हरमधून कुणालाही हजारो मेल जाऊ लागले. मग एकामागून एक दारं बंद झाली. १९९८ मध्ये सेंडमेल या तेव्हाच्या प्रमुख प्रोग्रॅमच्या ८.९ आवृत्तीने परक्यांचे मेल पुढे ढकलणं मूळ सेटिंगमध्येच बंद केलं. त्याच वर्षी माणसांसाठी ५८७ क्रमांकाचं वेगळं पोर्ट ठरलं, आणि १९९९ मध्ये एसएमटीपीला पासवर्डची सोय जोडली गेली. पुढे अनेक इंटरनेट कंपन्यांनी घरगुती जोडणीवरून जुनं पोर्ट २५ अडवायला सुरुवात केली.

माझं दुखणं हेच होतं. कुठल्याशा जुन्या सूचनापत्रावरून मी पोर्ट २५ भरलं होतं. विभागातल्या जोडणीवरून ते चालायचं, घरून अडायचं. ५८७ केलं, पासवर्डचा पर्याय चालू केला, मेल गेला. परवानगीही आली, पण तोवर माझा त्या शहरातला मुक्काम संपत आला होता.

तर तुमचा मेल अडला की आधी एवढं बघा: तो कुठे अडलाय? आउटबॉक्समध्येच असेल तर तुमचा प्रोग्रॅम आणि तुमचा सर्व्हर यांच्यात बिघाड आहे. जाणाऱ्या सर्व्हरचं नाव, पोर्ट, पासवर्ड तपासा. मेल गेला आणि थोड्या वेळाने 'पोचला नाही' असं उत्तर आलं, तर तुमची बाजू बहुधा ठीक आहे, पुढे कुणीतरी नाकारलंय.

मग आकडा वाचा. तीन अंकी उत्तरांची ही पद्धतही आरएफसी ८२१ मध्ये आहे. पहिला अंक ४ असेल तर अडचण तात्पुरती, सर्व्हर स्वतःच पुन्हा प्रयत्न करतो. ५ असेल तर नकार पक्का, तोच मेल तसाच परत पाठवून उपयोग नाही. ५३५ म्हणजे नाव-पासवर्ड पटला नाही. ५५० बरेचदा पत्ता चुकल्यावर येतो, पण परवानगी नसल्यावरही येतो, म्हणून सोबतचं वाक्यही वाचा. ५५२ दिसलं तर आकार बघा. मेलमध्ये अटॅचमेंटचं रूपांतर होताना ती साधारण एक तृतीयांशाने फुगते, त्यामुळे २० एमबीचा प्रबंध २७ एमबीच्या आसपास जातो आणि २५ एमबीच्या मर्यादेत बसत नाही.

अभिलेखागारात एखादा कागद हाती आला की आपण विचारतो: हा कुणी, कधी, कशासाठी लिहिला? मी ओके दाबून बंद केलेली ती सूचनाही असाच एक कागद होती. पुढच्या वेळी अर्जाची मुदत रात्री बारा वाजता संपत असेल, तर पाठवल्यावर लॅपटॉप मिटण्याआधी आउटबॉक्स एकदा उघडून बघा.